सुई एवढी मोठी का?

पालक मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात तो प्रश्न असा: "ताई, हिने सगळं चित्र काळ्या रंगात काढलंय. काही काळजी करण्यासारखं आहे का?" विचारताना आवाज खाली आलेला असतो आणि कागद मुलाच्या नजरेआड धरलेला असतो.

मी मुळात चित्रकलेची शिक्षिका. गेली काही वर्षं लहान मुलांच्या रुग्णालयात समुपदेशकांबरोबर काम करते. डायलिसिसला येणारी मुलं, रक्त चढवायला येणारी मुलं, टाइप वन मधुमेह, दमा, फिट्स, सांधेदुखी, मूत्रपिंडाचे आजार. या मुलांचा आजार पंधरा दिवसांत बरा होणारा नसतो. वर्षानुवर्षं त्याच्यासोबत शाळा, खेळ, भांडणं सगळं करायचं असतं. मी निदान करत नाही, उपचारही करत नाही. कागद देते, शेजारी बसते आणि चित्र काढता काढता मूल जे बोलतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घेते.

तर काळा रंग. बहुतेक वेळा उत्तर अगदी साधं असतं. काळा स्केचपेन हाताशी होता, बाकीचे सुकले होते. किंवा चित्र रात्रीचं होतं. किंवा मुलीला काळा रंग मनापासून आवडतो. तिला विचारलं तर ती सांगते. पण मोठी माणसं तिला विचारत नाहीत, कागदाकडेच टक लावून बघत बसतात.

या सवयीला जुना इतिहास आहे. १९२६ साली मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी मुलांना माणसाचं चित्र काढायला सांगून त्यावरून बुद्धी मोजायची चाचणी केली. १९४९ मध्ये कॅरन मॅकोव्हर यांनी माणसाच्या चित्रावरून स्वभाव आणि मनातले संघर्ष वाचायची पद्धत मांडली. १९६८ साली एलिझाबेथ कॉपिट्झ यांनी भावनिक त्रास दाखवणाऱ्या खुणांची यादीच दिली. हात नाहीत, आकृती फारच लहान आहे, आकृती कललेली आहे, अशा खुणा. हे लोक विचारपूर्वक काम करणारे होते. पण त्यांच्या पद्धतीतून पुढे एक प्रकारचा शब्दकोश तयार झाला आणि तो सगळीकडे पसरला: लहान आकृती म्हणजे न्यूनगंड, दाबून काढलेली रेघ म्हणजे राग. नंतरच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा हा शब्दकोश फारसा टिकला नाही. १९९६ साली मनोविकार विभागात दाखल असलेल्या मुलांच्या चित्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आकृतीचा आकार, तपशील आणि रेघेचा दाब यांचा मुलांच्या नैराश्याशी किंवा चिंतेशी काही संबंध लागतो का, हे त्यात पाहिलं होतं. संबंध लागला नाही.

आजारी मुलांच्या बाबतीत तर हा शब्दकोश जास्तच धोक्याचा आहे, कारण इथे चित्र काढणारा हातच आजारी असतो.

हे मला नीट मांडायचं आहे, कारण मानसशास्त्र शिकलेल्या माणसांच्याही लक्षातून ते निसटताना मी पाहिलं आहे. दम्याच्या मुलाने सालब्युटामॉलचे पफ घेतले असतील तर पुढे थोडा वेळ त्याचा हात थरथरू शकतो. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या काही मुलांच्या हातालाही कंप असतो. त्यांच्या कागदावरची रेघ वाकडी येते, ती औषधामुळे. संधिवात असलेल्या मुलीचं मनगट सकाळी आखडलेलं असतं. ती पेन्सिल दाबूच शकत नाही, म्हणून तिची रेघ फिकट. कुणी त्याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणालं तर त्या मुलीवर तो अन्याय आहे. तीच मुलगी दुपारी, बोटं जरा मोकळी झाल्यावर, गडद रेघा मारते.

आणि सलाईनची सुई. ती नेमकी उजव्या हाताला लावली, तर पुढचा सगळा दिवस मूल डाव्या हाताने खरडत राहतं किंवा चित्र काढायचं सोडून देतं. म्हणून मी सिस्टरना एकच विनंती करते: सुई लावायच्या आधी मुलाला विचारा, तू कुठल्या हाताने चित्र काढतोस? शीर मिळत असेल तर दुसऱ्या हाताला लावा. दरवेळी जमत नाही, शिरा लपलेल्या असतात. पण विचारल्याने एक वेगळीच गोष्ट घडते. त्या सगळ्या गडबडीत मुलाला पहिल्यांदाच असा प्रश्न आलेला असतो ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत आहे.

आता शीर्षकातली सुई. आठ वर्षांच्या एका मुलाला टाइप वन मधुमेह होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने स्वतःचं चित्र काढलं आणि बाजूला इंजेक्शन काढलं, स्वतःच्या दुप्पट उंचीचं. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी भीती पोराच्या मनात आहे आणि मला कळलंच नाही, असं ती म्हणाली. मी मुलाशेजारी बसले आणि म्हटलं, "या चित्राबद्दल सांग मला." तो सिरिंजवरच्या रेघा मोजून दाखवायला लागला. इन्सुलिनच्या प्रत्येक युनिटची रेघ त्याने काढली होती, पाच-पाचच्या रेघा लांब, दहाच्या त्याहून लांब, शेजारी आकडे. एवढ्या रेघा बसवायच्या तर सिरिंज मोठीच काढायला हवी. "छोटी काढली असती तर आकडे मावले नसते ना," तो म्हणाला. किती युनिट भरायचे हे तो स्वतः बघायला शिकला होता, आणि ते त्याला दाखवायचं होतं.

याचा अर्थ त्याला सुईची भीती नाही असा मी काढणार नाही. टोचतंच, ते तो म्हणालाही. पण त्या कागदावर तो जे सांगत होता ते त्याच्या भीतीबद्दल नव्हतं, त्याच्या कामाबद्दल होतं. एकट्या चित्रावरून हे कुणालाच कळलं नसतं.

मग चित्राचा उपयोग काय? माझ्या अनुभवाने दोन उपयोग आहेत. पहिला, मूल बोलतं. १९९८ साली न्यूझीलंडमध्ये ज्युलियन ग्रॉस आणि हार्लीन हेन यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, आनंद झाला, भीती वाटली, राग आला अशा प्रसंगांबद्दल विचारलं. काही मुलांना नुसतं सांगायला सांगितलं, काहींना सांगता सांगता चित्र काढू दिलं. चित्र काढणाऱ्या मुलांनी दुपटीहून जास्त माहिती दिली. मला याचं कारण नजरेशी संबंधित वाटतं. मूल कागदाकडे बघत असतं, मीही कागदाकडेच बघत असते. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, आणि मधल्या शांततेचं ओझं वाटत नाही. रंग भरायला वेळ लागतो, त्या वेळात पुढचं वाक्य तयार होतं. म्हणून मी समोर कधी बसत नाही. शेजारी बसते.

दुसरा उपयोग असा की शब्दांत न सापडणाऱ्या गोष्टी मुलं काढून दाखवू शकतात. अमेरिकेतल्या बालमेंदूरोगतज्ज्ञ कार्ल स्टॅफस्ट्रॉम यांनी सहकाऱ्यांबरोबर डोकेदुखीच्या २२६ मुलांना तपासणीआधी एवढंच सांगितलं, की तुझं डोकं दुखतं तेव्हा कसं वाटतं ते काढ. कुणी हातोडे काढले, कुणी डोळ्यांपुढचे ठिपके, कुणी अंधाऱ्या खोलीत पडलेलं स्वतःला काढलं. डॉक्टरांनी नंतर स्वतंत्रपणे निदान केलं. मायग्रेनच्या मुलांपैकी सुमारे ९३ टक्के नुसत्या चित्रांवरून ओळखता आली होती. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे कुणी मुलाच्या मनात डोकावायला गेलं नव्हतं. मुलाला जे पक्कं माहीत आहे, त्याबद्दलच त्याला विचारलं होतं.

आमच्या डे-केअरमध्ये, म्हणजे दिवसभरात उपचार घेऊन घरी जायच्या विभागात, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची एक मुलगी येते. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवतात. हिमोग्लोबिन उतरत आलं की तिला काय होतं, हे तिला शब्दांत सांगता येत नसे. "कसं वाटतंय" विचारलं की उत्तर ठरलेलं: बरं. एकदा तिने स्वतःला दोनदा काढलं. दोन्ही आकृत्यांच्या छातीवर मोबाइलची बॅटरी. एकीत एकच रेघ, दुसरी भरलेली. रक्त चढायच्या आधीची मी आणि नंतरची मी, असं तिने सांगितलं. आता सिस्टर तिला विचारतात, "आज किती रेघा?" आणि ती नेमकं उत्तर देते. मध्यंतरी एकदा तारखेच्या आठवडाभर आधीच तिने घरी आईला सांगितलं की एकच रेघ उरलीय. तपासलं, तर हिमोग्लोबिन खरंच नेहमीपेक्षा लवकर उतरलं होतं.

मुलं आजाराशी कशी जुळवून घेतात, हे बघताना मी रंग आणि आकार यांच्याऐवजी दुसरीच गोष्ट बघते. या चित्रात कोण काय करतंय? मूल स्वतः चित्रात आहे का, आणि असेल तर त्याच्या हातात काही काम आहे का? दम्याच्या एका मुलीने मैदान काढलं. सगळी मुलं धावतायत आणि ती कडेला खुर्चीवर. बघणाऱ्याला वाटावं, बिचारी एकटी पडली. तिच्या हातात वही होती. ती गुण लिहीत होती. "माझ्याशिवाय कोण जिंकलं ते कळणारच नाही," असं तिचं म्हणणं. मानसशास्त्रात या दोन वाटांचा विचार झालेला आहे: परिस्थिती बदलता येत असेल तर ती बदलायची, आणि येत नसेल तर तिच्यात स्वतःसाठी जागा करून घ्यायची. दीर्घ आजारात दुसरी वाट फार वेळा लागते. या मुलीने ती स्वतःच शोधली होती. तिच्या खेळाच्या शिक्षकांना हे कळायला हवं, म्हणजे ते तिची वही काढून घेणार नाहीत. आणि श्वास चांगला असेल त्या दिवशी तिला धावायलाही बोलावतील, हेही तितकंच गरजेचं, कारण दमा आटोक्यात असेल तर मूल खेळू शकतं.

फिट्स येणाऱ्या एका मुलाचं चित्र मी कधी विसरणार नाही. दहा वर्षांचा मुलगा. कागदाभर वर्तुळात चेहरे, सगळे खालून पाहिलेले. हनुवट्या, नाकपुड्या, उघडी तोंडं. मधली जागा कोरी. "तू कुठे आहेस?" मी विचारलं. "मी खाली आहे. हे मला दिसतंय ते आहे." मग म्हणाला, "फिट कशी असते ते मला माहीतच नाही, मला फक्त हे माहीत आहे." किती खरं आहे ते. डॉक्टर फिटचं वर्णन आईला विचारतात, मोबाइलवर चित्रण केलं असेल तर ते बघतात, आणि ते बरोबरच आहे, कारण शुद्ध हरपलेल्या मुलाला त्यातलं काही आठवत नाही. पण त्यामुळे त्याच्या वाट्याला नेमकं काय येतं, हे कुणी विचारलेलंच नव्हतं. त्याच्या वाट्याला येते शुद्ध येतानाची गर्दी. वर्गातले सगळे वाकून बघतायत, आणि मी जमिनीवर.

त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊन आमच्या समुपदेशक बाईंनी ते चित्र त्याच्या वर्गशिक्षिकेला दाखवलं. फिट आली तर काय करायचं ते शाळेला माहीत होतं: कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर तातडीने मदत बोलवायची. चित्र बघून त्यात एक गोष्ट वाढली. बाकीची मुलं वर्गाबाहेर जातील आणि त्याने निवडलेला एकच मित्र बाईंबरोबर खाली जमिनीवर बसेल. मित्र कोण, हे त्याने सांगितलं. मला वाटलं होतं तो शेजारच्या बाकावरच्या मुलाचं नाव घेईल. त्याने वर्गातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीचं घेतलं.

लहान मुलांच्या चित्रांतून आणखी एक गोष्ट वर येते, आणि ती वर आली की मी लगेच थांबते, लगेच कुणाला तरी सांगते. आजार कशामुळे झाला, याबद्दलचं मुलाचं स्वतःचं उत्तर. बिबेस आणि वॉल्श या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवलं, की आजाराच्या कारणांची मुलांची समज वयाप्रमाणे बदलत जाते. शरीराच्या आत काहीतरी बिघडतं ही कल्पना नंतर येते. त्याआधी कारण बाहेर असतं, आणि ते स्वतःच्या वागण्याशीही जोडलं जातं. सहा वर्षांच्या एका मधुमेही मुलीने कुलूप लावलेलं कपाट काढलं, कपाटात चॉकलेटं, बाहेर ती स्वतः, तोंड नसलेली. तोंड नाही म्हणजे मनात दाबलेलं काहीतरी, असं शब्दकोश सांगेल. ती म्हणाली, "मी चोरून चॉकलेट खाल्लं होतं म्हणून मला शुगर झाली. आता तोंडच नाही, म्हणजे परत होणार नाही." टाइप वन मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून तो होतो. हे तिच्या आईबाबांना सांगितलेलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती लहान होती. तिच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला तिच्या भाषेत सांगितलं, आणि वर "यात तुझी काहीच चूक नाही" हे वाक्य वेगळं, सावकाश, दोनदा. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलाने विचारायची वाट बघू नका. ज्याला आपलीच चूक वाटतेय ते मूल विचारत नाही.

उलट बाजूही आहे. इंद्रधनुष्य, फुलं, हसरा सूर्य असलेलं चित्र बघून आपण निश्चिंत होतो. मुलं आईबाबांना जपतात. मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये राहून पाहिलं. मोठ्यांनी काही सांगितलं नसतानाही मुलांना आपल्या आजाराचं गांभीर्य कळलेलं होतं, आणि मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून ती काही माहीत नसल्यासारखी वागत होती. एक मुलगी माझ्याकडे आली की दोन कागद मागते. एक आईला द्यायचा, एक फाइलमध्ये ठेवायचा. मी दोन्ही देते. फाइलमधल्या चित्रांचं काय करायचं ते आम्ही आधीच ठरवलं आहे. कुणी तिला इजा करतंय किंवा ती स्वतःला इजा करेल असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, हे तिला माहीत आहे. बाकीचं तिचं.

दहा-अकराच्या पुढची मुलं चित्र काढायला सहसा नाही म्हणतात. हुबेहूब येत नाही याची त्यांना लाज वाटायला लागते. त्यांना मी शरीराची छापील बाह्याकृती देते. दुखतं तिथे रंग, कुठला ते तुम्ही ठरवा. किंवा महिन्याची एक आडवी रेघ: चांगले दिवस वर, वाईट खाली. डायलिसिसच्या एका मुलाने अशी रेघ काढली, आणि सगळ्यात खोल खड्डा डायलिसिसच्या दिवशी नव्हता, त्याच्या आदल्या संध्याकाळी होता. आता त्या संध्याकाळी त्याचे बाबा लवकर घरी येतात. जे तरीही नाही म्हणतात, त्यांचं नाही मी मान्य करते.

भावंडांनाही कागद द्या, एवढं जाता जाता सांगते. "तुमच्या घरातले सगळे काहीतरी करतायत, असं काढ" हा प्रश्न १९७० साली बर्न्स आणि कॉफमन यांनी रूढ केला. एका धाकट्या भावाने घर काढलं, त्यात बाबा, आजी, तो आणि टेबलावर मोबाइल. आई मोबाइलमध्ये होती. ताईबरोबर ती रुग्णालयात राहत होती आणि त्याला ती तेवढीच दिसत होती.

घरी हे करायचं असेल तर खास काही लागत नाही. कोरे कागद, रंग, आणि टीव्ही बंद. "हे काय आहे?" असं विचारू नका, त्याने मुलाला वाटतं की चित्र ओळखू येत नाहीये. "सांग मला याबद्दल" पुरेसं होतं. "छान" म्हणायची घाई करू नका, कारण मग पुढचं चित्र छान दिसावं म्हणून काढलं जातं. कागदाच्या मागे तारीख आणि मुलाचं वाक्य लिहा. चित्राची तुलना करायची तर त्याच मुलाच्या मागच्या चित्राशी. आणि चित्रात जे दिसलं त्याने खरोखर काळजी वाटली, झोप, भूक, शाळा यांतही बदल दिसत असेल, तर बालमानसतज्ज्ञांशी बोला. चित्रं वाचायची प्रमाणित साधनंही आहेत. रुग्णालयातल्या शाळकरी मुलांची चिंता अजमावणारं असं एक साधन १९९९ साली प्रसिद्ध झालं. पण ती शिकलेल्या माणसाने वापरायची असतात, बाकीच्या माहितीला जोड म्हणून.

शेवटचा मुद्दा फोटोंचा. भेटायला आलेले पाहुणे मुलांच्या चित्रांचे फोटो काढतात आणि लगेच कुठेतरी टाकतात. हेतू चांगला असतो. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं तेरावं कलम मुलाचा अभिव्यक्तीचा हक्क सांगताना कलेचा स्पष्ट उल्लेख करतं. आपल्याला हवं ते, हवं त्या मार्गाने सांगायचा हा हक्क मुलाचा आहे, त्यामुळे आपलं चित्र कुणी बघायचं हेही त्यालाच विचारायला हवं. मी भिंतीवर लावतानाही विचारते. या लेखात ज्या मुलांबद्दल लिहिलं त्यांना आणि त्यांच्या पालकांना विचारलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एका मुलाने नको म्हटलं, म्हणून त्याचं चित्र यात नाही.